‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी इंग्रजीत बोलायला उभी राहिली. तिला अठरा वर्षे पूर्ण व्हायला अजून महिना होता. ती डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाली होती, तीही एकटी. लोकांच्या तोंडी असलेले प्रश्न तिनेच एकेक करून मांडले आणि त्यांना उत्तरे दिली. अमेरिकेलाच कशाला? इथे शिकायची सोय नाही का? एकटीने कसे जाणार? परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर? परमुलखात काही बरेवाईट झाले तर? वाळीत टाकण्याच्या प्रश्नावर तिचे उत्तर सरळ होते. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. बरेवाईट होण्याच्या भीतीपुढे तिने पुराणांतले शिबी आणि मयूरध्वज उभे केले. दुसऱ्यासाठी स्वतःचे अंग कापून द्यायला तयार झालेले हे राजे डगमगले नाहीत, मग अपयशाच्या किंवा दुःखाच्या भीतीने कर्तव्य सोडणे योग्य कसे, असा तिचा सवाल होता.

ही मुलगी कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजेच लग्नानंतरची आनंदीबाई गोपाळराव जोशी.

देव मानावा की नाही आणि जगायचे कशासाठी, हे दोन प्रश्न आपल्याकडे एकाच दमात विचारले जातात. देवच नसेल तर जगण्याला अर्थ काय, असे श्रद्धाळू माणूस म्हणतो. देवावर भार टाकला की माणूस स्वतःचा विचार करणे सोडतो, असे न मानणारा म्हणतो. आनंदीबाईंचे चरित्र दोघांच्याही सोयीचे नाही. त्या शेवटपर्यंत श्रद्धाळू होत्या, पण आयुष्य कशाला वाहायचे हे त्यांना कोणत्याही पोथीने सांगितले नव्हते. ते त्यांना एका मेलेल्या मुलापाशी सापडले.

यमुनेचा जन्म ३१ मार्च १८६५चा. घराणे जुन्या वतनदारांचे, पण तोवर खालावलेले. तिच्या लग्नाच्या सुमारास कल्याणच्या टपाल कचेरीत गोपाळराव जोशी नावाचे मूळचे संगमनेरचे बिजवर नोकरीला होते. बायकोला शिकवण्याची अट घालून त्यांनी लग्न केले. नवरी होती नऊ वर्षांची आणि नवरा तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. हा माणूस सुधारक खरा, पण हात उचलणारा. शिकली नाही म्हणून त्याने तिला मारले, आणि पुढे अमेरिकेतून आनंदीबाईंनी पत्रात त्याला त्याची आठवणही करून दिली. गोपाळरावांचे श्रेय मोजताना ही मारहाण लपवू नये.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. अशा वेळी काय बोलायचे ते ठरलेले असे, आजही ठरलेलेच आहे: देवाची इच्छा. सांत्वन करणाऱ्याचा हेतू चांगला असतो. दुःखाने कोसळलेल्या आईला ‘तुझी चूक नव्हती’ हे सांगण्याचा तो एक मार्ग आहे, आणि त्या आधाराची थट्टा करणे क्रूरपणाचे होईल. पण हेच वाक्य पुढच्या प्रश्नाचे दारही बंद करते. मूल का गेले? बाळंतिणीला आणि बाळाला तपासायला कोण होते? पुरुष डॉक्टरसमोर अंग उघडे करण्यापेक्षा घरंदाज बायका मरण पत्करत, स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच, आणि सगळा भार सुईणीवर होता. आनंदीबाईंनी देवावर रागावून देव सोडला नाही आणि देवाची इच्छा म्हणून गप्पही बसल्या नाहीत. आपल्या बायकांना बायका डॉक्टर हव्यात, इथवर त्या येऊन पोचल्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने हा प्रवास मनातल्या मनात केला, ही मराठी समाजाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे.

तिथून पुढे जो तो त्यांच्या ध्येयाला आपला देव बांधू पाहत होता. गोपाळरावांनी १८७८मध्ये बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र अमेरिकी मिशनऱ्यांकडे पाठवले. कोल्हापुरात पूर्वी काम केलेले रॉयल वाइल्डर यांनी ते आपल्या मिशनरी मासिकात छापले, पण गोपाळरावांनी ख्रिस्त स्वीकारावा ही अपेक्षा जोडून. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंना ते पत्र १८८०मध्ये दातांच्या डॉक्टरकडे बसलेल्या असताना वाचायला मिळाले आणि त्यांनी कोणतीही अट न घालता मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. इकडे स्वकीय म्हणत होते की समुद्र ओलांडणे धर्माला मान्य नाही. तिकडे बोटीवर सोबतीला मिशनरी बायका होत्या आणि तिथेही धर्मांतराची गोष्ट सुटली नाही. एकाचा धर्म त्यांना जाऊ देत नव्हता, दुसऱ्याचा धर्म धर्मांतर केल्याशिवाय मदत करायला तयार नव्हता. आनंदीबाईंनी दोघांचेही ऐकले नाही.

४ जून १८८३ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. २८ जूनला त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. हे पत्र आज कोणालाही वाचता येते आणि या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. आपण कशासाठी आलो हे त्यांनी त्यात स्वच्छ सांगितले आहे: आपल्या देशातल्या ज्या गरीब, पिचलेल्या बायका पुरुष वैद्याच्या हातून औषध घेण्यापेक्षा मरतील, त्यांना खरी वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी. हे ध्येय देवाने नेमून दिले, असे त्या म्हणत नाहीत. माणुसकीचा आवाज आपल्या बाजूने आहे, असे म्हणतात. देव पत्रात येतो तो पुढच्या वाक्यात. ज्याने आपला सांभाळ चालवला आहे तो देव मदत करू शकणाऱ्यांची मने वळवील, असा त्यांचा भरवसा आहे. काम कोणते, हे बायकांच्या दुःखाने ठरवले. ते निभेल, हा धीर देवाने दिला. एका तरुण मुलीने इंग्रजीतल्या अर्जात इतकी नेमकी वाटणी केली होती, आणि देव व जीवनहेतू यांचे नाते तिच्याइतक्या थोडक्यात मांडलेले क्वचितच वाचायला मिळते.

या धीराचे मोल न मानणाऱ्यांनी कमी लेखू नये. फिलाडेल्फियाच्या थंडीत लुगडे नेसून, शाकाहार सांभाळून, परक्या भाषेत शरीरशास्त्र शिकत त्यांनी तीन वर्षे काढली. तब्येत ढासळत गेली तरी त्या मागे फिरल्या नाहीत. ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे दहा दिवसांच्या त्या बाळापासून त्यांचे मन कधी हलले नव्हते.

त्याच महाविद्यालयात १० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. एक आनंदीबाई. दुसऱ्या जपानच्या ओकामी केई, ख्रिस्ती. तिसऱ्या सिरियातून आलेल्या सबात इस्लांबुली, ज्यू घरातल्या. आनंदीबाईंनंतर ओकामी १८८९मध्ये आणि इस्लांबुली १८९०मध्ये डॉक्टर झाल्या. तिघींची प्रार्थना वेगळी, प्रार्थनेची भाषा वेगळी, आणि वर्गात समोर ठेवलेला मानवी सांगाडा एकच. धर्माने माणसाला ध्येय मिळते असे म्हणणाऱ्याने हे छायाचित्र पाहावे, आणि धर्म ध्येयाच्या आड येतो असे म्हणणाऱ्यानेही.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून एक नातलग मुद्दाम आल्या होत्या. त्या पंडिता रमाबाई. त्यांची वाट नेमकी उलटी. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले, सगळ्या कुटुंबाने उपासतापास केले, देवांना दानधर्म केला, आणि १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील आणि पाठोपाठ बहीण अन्नान्न करून गेली. सोळा-सतरा वर्षांच्या रमाबाईंची जुनी श्रद्धा तिथेच तडकली. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई हिंदू राहण्याचा शब्द देऊन अमेरिकेत पोचल्या त्याच वर्षी. एका मुलीने मरण पाहिले आणि तिचा देव टिकला. दुसरीने पाहिले आणि तिचा देव बदलला. काम मात्र दोघींचे बायकांसाठीच. आनंदीबाईंच्या पदवीनंतर बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ला, रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढे दुष्काळात आणि प्लेगात केडगावच्या मुक्ती सदनात हजारो अनाथ मुली आणि बायका त्यांनी जगवल्या.

पण रमाबाईंच्या बाबतीत एक गोष्ट सांगायलाच हवी. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केले जाते, असा आरोप होऊन १८९३मध्ये मोठे वादळ उठले. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे सांगितले गेले होते, आणि काही मुली ख्रिस्ती झाल्या हेही खरे. ‘केसरी’ने तोफ डागली, सुधारक सल्लागार दूर झाले. रमाबाईंचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. तरीही विधवेला निवारा देण्याचे काम आणि आपला देव दुसऱ्याला देण्याची ओढ एकत्र आली, तेव्हा नुकसान कामाचे झाले. वाइल्डर यांनी आनंदीबाईंच्या बाबतीत जे केले, त्याचीच ही सौम्य आवृत्ती म्हणावी लागेल.

शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी १८९३मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केले. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१मध्ये बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेला नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे रघुनाथ. हाच पुढे र. धों. कर्वे झाला. हा माणूस देव मानत नव्हता, आणि ते लपवतही नव्हता. १९२१मध्ये त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, प्राध्यापकी गमावली, १९२७पासून १९५३मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवले, अश्लीलतेच्या खटल्यांत दंड भरला. १९३४मध्ये कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. आंबेडकर उभे राहिले, पण तो खटलाही ते हरले. न मानणाऱ्याच्या आयुष्याला हेतू नसतो, असे म्हणण्याची ज्याची छाती असेल त्याने कर्व्यांचे आयुष्य समोर ठेवून म्हणून दाखवावे. बाईला तिच्या शरीरावर हक्क असावा, बाळंतपणांनी ती झिजून मरू नये, ही त्यांची काळजी आनंदीबाईंच्या काळजीची सख्खी बहीण होती.

एक हिंदू राहिली, एक ख्रिस्ती झाली, एकाने देव मानला नाही. तिघांच्याही घरात कोणीतरी असे गेले होते की ज्याला वाचवता आले असते. तिघांनीही ते ‘व्हायचेच होते’ म्हणून सोडून दिले नाही. जगण्याचा हेतू शोधायला निघालेल्या माणसाने पहिल्यांदा इथे पाहावे: आपल्या आसपास काय टळू शकले असते आणि टळले नाही.

यावर श्रद्धाळू माणूस एक आक्षेप घेईल, आणि तो वजनदार आहे. हेतू असा कामात शोधला तर काम अपुरे राहिले की आयुष्य वाया गेले म्हणायचे का? आनंदीबाई १८८६च्या नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना मिळाली होती. क्षयाने त्यांना तिथे जाऊ दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, तेव्हा बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. ज्या बायकांसाठी हे सगळे केले त्यांच्यातल्या एकीचीही नाडी डॉक्टर म्हणून त्यांना धड तपासता आली नाही. देवापाशी सगळ्याचा हिशेब असतो असे मानणाऱ्याला इथे एक आसरा आहे, न मानणाऱ्याला तो नाही, हे कबूल केले पाहिजे.

तरीही आयुष्य वाया गेले असे म्हणता येत नाही, आणि त्यासाठी परलोकाचा हिशेब काढण्याची गरज नाही. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुलींनी वैद्यकीचे शिक्षण पुरे केले आणि पुढे कितीतरी वर्षे रुग्ण तपासले. मुंबईच्या रखमाबाई, ज्यांनी बालपणीचे लग्न नाकारून न्यायालयात झुंज दिली, त्या १८९४मध्ये लंडनहून डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत-राजकोटला बायकांचे दवाखाने सांभाळत राहिल्या. एकीचे अपुरे काम दुसऱ्या बायकांनी पुढे नेले. आनंदीबाईंच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथील दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. हिंदू म्हणून परत येण्याचा शब्द पाळणाऱ्या बाईला एका ख्रिस्ती कुटुंबाने आपल्यात जागा दिली, आणि धर्म विचारला नाही.

गोपाळरावांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये त्यांनी टिळक, रानडे अशा मोठ्या माणसांना चहाला जमवले आणि नंतर त्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांच्या घरचा चहा पिण्यावरून पुण्यात दोन वर्षे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, चालले, प्रायश्चित्ते झाली. गोपाळरावांनी पुढे बाप्तिस्माही घेतला आणि हिंदू धर्मात परतही आले. ईश्वराविषयी इतकी उलथापालथ करूनही आनंदीबाईंच्या मागे त्यांच्या हातून त्या तोडीचे काही झाले नाही. देवाची निवड हीच त्यांच्या जगण्याची मुख्य गोष्ट होऊन बसली होती.

आजच्या कल्याण-डोंबिवलीत श्रद्धेला तोटा नाही. सकाळच्या लोकलमध्ये टाळ वाजवत भजन चालते, आणि रेटारेटीत उभ्या माणसाला त्या तासाभरात थोडे हलके वाटते. अंगारकीला टिटवाळ्याच्या महागणपतीला रांगा लागतात. नवरात्रात दुर्गाडी किल्ल्यावर गर्दी होते. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानने सुरू केली आणि ती महाराष्ट्रभर पसरली. मलंगगडावर हिंदू आणि मुसलमान दोघेही चढतात. यातले काहीही हिणवण्यासारखे नाही. पहाटे घर सोडून रात्री परतणाऱ्या लाखो माणसांच्या शहरात भजनी मंडळ हा अनेकांचा खरा शेजार असतो.

दुःख वेगळ्या गोष्टीचे आहे. दुर्गाडी कोणाची आणि मलंगगड कोणाचा, यावर न्यायालयात आणि रस्त्यावर जितकी वर्षे गेली, त्यातला थोडा वेळ तरी कल्याणच्या या लेकीचा प्रश्न विचारण्यात जायला हवा होता. या शहरात अजूनही काय टाळता येण्यासारखे आहे? देवस्थानाच्या मालकीचा वाद जिंकून कोणाचेही बाळंतपण सुखरूप होत नाही.

वारकरी परंपरेत अरणच्या सावता माळ्यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. पंढरपूर फार दूर नसूनही ते वारीला गेले नाहीत, मळ्यातच राबले आणि विठ्ठलच त्यांच्याकडे आला, असे परंपरा सांगते. कथा खरी की खोटी हा इथे मुद्दा नाही. सातशे वर्षे वारीला जाणाऱ्या समाजाने वारीला न जाणाऱ्या माणसाला संत मानले, यात आपल्या लोकांची समज दिसते. श्रद्धेच्या आतूनही कामाकडे वाट जाते, आणि ती दाखवायला बाहेरून कोणी यावे लागत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९०मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेत वेदान्त आणि आधुनिक मानसशास्त्र हातात हात घालून वापरले जाते, तेही याच समजुतीतून. खचलेल्या माणसाला आधी देव आहे की नाही हे ठरवून ये, असे तिथे कोणी सांगत नाही.

देव आहे की नाही याचा निकाल या लेखाने लागणार नाही, आणि तो लागेपर्यंत कोणाला थांबण्याचीही गरज नाही. कल्याण-डोंबिवलीतल्या गणेशोत्सव मंडळांना, देवस्थानांना, भजनी मंडळांना आणि विवेकवादी मित्रांनाही एक विनंती आहे. कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर या पालिकेच्या रुग्णालयांत जा. बाळंतिणींना आणि नवजात मुलांना काय कमी पडते ते तिथल्या परिचारिकांना विचारा. रक्त लागते, औषधे लागतात, रात्री सोबत बसायला माणूस लागतो. आपल्या मंडळाच्या यंदाच्या वर्गणीतला एक भाग त्यासाठी बाजूला काढा आणि तो कोणत्या देवाच्या नावाने दिला ते हवे तर पावतीवर लिहा. ३१ मार्चला आनंदीबाईंची जयंती असते. तोवर सुरुवात करायला कोणाची हरकत नसावी.